रफूताईच्या खिडकीचा सवाल

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत. भाड्याची घरं राहण्याजोगी आहेत की नाहीत हे तपासायला तुम्हाला नेमलेलं आहे. गळ्यात ओळखपत्र आहे, खिशात टॉर्च आहे. तो टॉर्च तुम्ही खिशातून बाहेरसुद्धा काढला नाहीत. खोलीच्या मधोमध उभे राहिलात, टेबलफॅन फिरतो तशी मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवलीत आणि लिहून मोकळे झालात, 'ओल आढळली नाही. दुरुस्तीची गरज नाही.' मी तुमच्यापासून दोन पावलांवर होते. माझी कडी काढून मला नुसतं हलवलं असतंत, तर माझी खालची पट्टी चुऱ्यासकट तुमच्या बुटांवर पडली असती. पण हात लावायला तुम्हाला वेळ नव्हता.

असो. तुमच्याशी मी नंतर बोलते. आधी मला मुलांशी बोलायचं आहे. ती निदान ऐकून तरी घेतात.

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. सध्या माझा मुक्काम भंगारवाल्याच्या आवारात आहे. एका बाजूला चाक नसलेली सायकल, दुसऱ्या बाजूला गंजलेला कूलर आणि मध्ये मी. काचा गेल्या, एक बिजागरी गेली. ऊन-पाऊस अंगावर घेते आणि कोणीतरी जळण म्हणून उचलून नेईल त्या दिवसाची वाट बघते. तुम्ही म्हणाल, लाकडाच्या चौकटीला कसली आलीय गोष्ट? ऐका तर खरं.

मला एका सुताराने बनवलं. तो तोंडाने फटकळ होता आणि हाताने हळवा. त्याचा मदतनीस घाईघाईने रंधा मारायला लागला की तो ओरडायचा, "अरे, खिडकी म्हणजे भिंतीला पडलेलं भोक नव्हे! भोक उंदीरसुद्धा पाडतो." माझ्या खालच्या पट्टीला त्याने बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता बाहेर ओघळावं. काचेभोवती पुट्टी भरली आणि अंगठ्याने इतकी गुळगुळीत केली की माशीचा पाय घसरावा. मग मला एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीत बसवलं.

उत्तरेची खिडकी म्हणजे काय ते सांगते. तिच्यातून ऊन आत येत नाही, फक्त उजेड येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा, शांत, सावल्या न पाडणारा. बारीक काम करणारी माणसं अशा उजेडासाठी जीव टाकतात. त्या खोलीत पहिला भाडेकरू आला तो घड्याळं दुरुस्त करणारा. डोळ्याला भिंग लावून तो माझ्यापाशी बसायचा आणि पुटपुटायचा, "अशी खिडकी असली की म्हातारपण दहा वर्षं लांब पळतं." मी फुगून जायचे. लाकूड पावसात फुगतं ना, तशी नाही. कौतुकाने.

तेव्हाचे घरमालक, त्यांना सगळे थोरले मालक म्हणायचे, पाऊस संपला की दरवर्षी स्वतः यायचे. हातात तेलाची बाटली आणि फडकं. माझ्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, डॉक्टर छातीवर करतो तशी, आणि कान देऊन ऐकायचे. कुठे पोकळ आवाज आला की लगेच सुताराला बोलावणं. एकदा घड्याळजी म्हणाला, "अहो मालक, एवढं काय? चालतंय की." थोरले मालक म्हणाले, "भाडेकरूचं घर गळलं तर नाक कोणाचं कापलं जातं? माझं. तुझं घड्याळ मागे पडलं तर चालतं का तुला?" घड्याळजीने हसून भिंग परत डोळ्याला लावलं.

तो थकला, मुलाकडे राहायला गेला. मग ती आली, जिच्यासाठी मी हे सगळं सांगत बसले आहे.

ती रफूचं काम करायची. कोटाला कसर लागली, साडीला खिळा अडकला, शालीला ठिणगीने भोक पडलं, की लोक तिच्याकडे धाव घ्यायचे. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून धागे ओढून काढायची आणि भोकावर उभे-आडवे असे विणायची की भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये. तिला सगळे रफूताई म्हणायचे. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. मुलगी शाळेत जाणारी, गोल चेहऱ्याची. तिला घरात बटण म्हणत.

घर बघायला आली तेव्हा रफूताईने मोरी बघितली नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही. ती सरळ माझ्याकडे आली. पर्समधून दोन धागे काढले, एक काळा आणि एक गडद निळा, आणि माझ्यासमोर धरले.

"दोन वेगळे दिसतायत," ती म्हणाली. "अहो, हेच घर घ्यायचं."

"अगं, नळाला पाणी येतं का ते तरी बघ!"

"नळ तुम्ही बघा. मी खिडकी बघितली."

मित्रांनो, माझं असं लग्न ठरल्यासारखं ठरलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिची खुर्ची माझ्यापाशी असायची. काम झालं की ती कपडा माझ्या काचेवर पसरून धरायची. उजेड आरपार आला की उरलेसुरले बारीकसारीक दोष दिसतात. मला तिच्या हाताची ऊब लागायची आणि कोटाच्या लोकरीचा वास यायचा. बटण माझ्या कट्ट्यावर पाय सोडून पाढे म्हणायची, चुकली की काचेवर वाफ सोडून बोटाने उत्तर लिहायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग थोरले मालक वारले आणि धाकटे मालक आले.

धाकटे मालक वाईट बोलत नसत, हे आधी सांगून ठेवते. उलट इतकं गोड बोलत की ऐकणाऱ्याला तहान लागावी. माझ्या काचेची पुट्टी वाळून गळायला लागली होती. पाणी काचेच्या कडेने खाली उतरायचं आणि खालच्या पट्टीत मुरायचं. पट्टी कुजली तसं ते भिंतीत गेलं. भिंतीचा रंग फुगला, पापुद्रे निघाले. कोपऱ्यात काळे ठिपके उमटले आणि हळूहळू पसरत वर चढले. मला काय हवं होतं? एक नवी पट्टी, थोडी पुट्टी, तेलाचा हात. अर्ध्या दिवसाचं काम.

रफूताईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा धाकटे मालक म्हणाले, "ताई, तुमचं घर ते माझं घर. उद्या माणूस पाठवतो."

तो माणूस आमच्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध पाहुणा झाला, कारण तो कधी आलाच नाही. पाऊस गेला, थंडी गेली, परत पाऊस आला. मालकांना फोन केला की माणूस गावाला गेलेला असायचा, माणसाचा पाय मुरगळलेला असायचा, माणसाच्या मेव्हण्याचं लग्न असायचं. बटण शाळेतून आल्या आल्या विचारायची, "माणूस आला?" आणि तिचे बाबा म्हणायचे, "येऊन गेला, बाळा. दिसला नाही तुला? तो अदृश्य आहे. काम पण अदृश्यच करून गेलाय." सगळे हसायचे. मित्रांनो, हसण्यात दिवस निघून जातात, तोवर ओल मात्र वर चढत राहते.

पाऊस असला की रफूताई माझ्या कट्ट्यावर जुने टॉवेल गुंडाळून ठेवायची आणि गिऱ्हाइकांचे कपडे पलंगावर उचलून ठेवायची. कपड्यांना कुबट वास लागेल या भीतीने तिला चैन पडायचं नाही. एक दिवस तिने मालकांना जरा आवाज चढवून सांगितलं. तेव्हा ते तेवढ्याच गोडीने म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण ओल राहणीमुळेही येते. तुम्ही घरात कपडे वाळत घालता. भिंती पुसायला हव्यात. आमच्या वडिलांच्या वेळेला नव्हती बघा ओल."

म्हणजे घाण तुमची. थेट म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच. रफूताईने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ भिंतीकडे बघत उभी राहिली. माझ्या मते सगळं बिघडलं ते त्या वाक्याने. ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतलं आणि पुढे त्यानेच घात केला.

रविवारी तिची नणंद आली, बटणची आत्या. आत्या टेलिफोनच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी लिहून घेते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन तिची जीभ विळीसारखी झाली होती. भिंत बघितली आणि म्हणाली, "वहिनी, ही भिंत आहे का नकाशा? आणि हे किती दिवस फोनवर चाललंय?"

"ते म्हणतात ना, बघतो."

"बघतो! अगं, मी पण दिवसातून शंभर जणांना 'बघतो' म्हणते. तक्रार नोंदली गेली नाही तर आमच्याकडे ती झालीच नाही असं समजतात. तोंडी तक्रार म्हणजे पाण्यावर मारलेली रेघ. लेखी दे. खाली तारीख घाल. पोच घे. कधीपर्यंत दुरुस्त करून हवंय ते लिही. घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे, उपकार नाही."

"आणि त्याने घराबाहेर काढलं तर?" बटणचे बाबा म्हणाले.

"तक्रार केली म्हणून काढता येत नाही, दादा. पाणी तोडता येत नाही, वीज तोडता येत नाही. दुरुस्ती मागणं गुन्हा नाही. तू भाडं उशिरा दिलंस कधी? मग मान खाली घालून का बोलतोस? भट्टीसमोर उभं राहतोस आणि मालकासमोर वितळतोस!"

रफूताईने लिहून दिलं. मालकांना फार वाईट वाटलं. "घरातल्या घरात कागद कशाला, ताई?" असं म्हणाले आणि मुदत संपेपर्यंत काहीच केलं नाही. मग आत्याने तक्रार भाड्याची घरं तपासणाऱ्या कचेरीत नेऊन दिली. काही आठवड्यांनी कळवण्यात आलं की तपासणीला साहेब येणार.

आत्याने फोनवर बजावलं, "हे बघ वहिनी, काही आवरू नका. जसं आहे तसं दिसू दे. फोटो काढून ठेवा. त्या दिवशी मी रजा टाकते."

रजा मिळाली नाही. फोटोही काढायचे राहूनच गेले. इथून पुढे सांगताना माझं लाकूड अजून चरचरतं.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी रफूताई खोलीत उभी राहिली. भिंत बघितली, काळे ठिपके बघितले, कट्ट्यावरचे ओले टॉवेल बघितले.

"अहो," ती म्हणाली, "परका माणूस येणार, सरकारचा. सोबत मालक पण येणार. आणि हे बघणार? मालक म्हणतील, बघा साहेब, यांची राहणी. मी सांगितलं होतं ना."

"बटणची आत्या म्हणाली ना, राहू दे म्हणून."

"राहू दे म्हणायला तिचं काय जातं? घर माझं बघणार ते. मला घाणेरडी म्हणून लिहून घेतलं तर?"

बटणचे बाबा उठले. मग चपला घातल्या आणि रंग आणायला गेले. मित्रांनो, त्यांनाही लाज वाटत होतीच. गरिबाच्या घरातली लाज फार कष्टाळू असते, सांगितलं नाही तरी कामाला लागते.

दोघांनी भिंत खरवडली. साबणाच्या पाण्याने ठिपके घासून काढले. पांढरा रंग जुन्या भिंतीवर ठिगळासारखा दिसेल, म्हणून रफूताईने त्यात चहाचं पाणी थेंब थेंब घालून रंग उतरवला, जुन्या पांढऱ्या कपड्याला रंग जुळवतात तसा. माझ्या कुजलेल्या पट्टीत तिने लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरला, वर तपकिरी पॉलिश फिरवलं. अगदी खालचा कोपरा तेवढा काही केल्या सुकेना, म्हणून कपाट सरकवून त्याच्यासमोर लावलं. संध्याकाळी बाबा दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "अगं, कुठे होतं तेच कळत नाहीये."

"कळलं तर ते रफू कसलं?" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

कळतंय ना मित्रांनो? तिने आयुष्यभर एकच विद्या कमावली होती. फाटलेलं असं सांधायचं की फाटलं होतं हे कळू नये. मालकाने तिला घाणेरडी म्हटलं आणि आपण तशा नाही हे दाखवायला तिने स्वतःचा सगळा पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकला. इतका सुंदर पुसला की तिच्या हातून तेवढं चांगलं काम क्वचितच झालं असेल. मी ओरडून सांगणार होते, पण खिडकीला वारा असला तरच आवाज फुटतो. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, साहेब. मागून धाकटे मालक, इस्त्रीच्या कपड्यांत.

"वा," तुम्ही दारातच म्हणालात. "घर किती नीटनेटकं ठेवलंय हो! नाहीतर आम्हाला काय काय बघावं लागतं."

रफूताईचा चेहरा उजळला. "आम्ही स्वच्छच राहतो, साहेब," ती म्हणाली आणि मालकांकडे एक नजर टाकली. बिचारीला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात बटण म्हणाली, "आई, कपाट काल तिकडे होतं ना?"

रफूताईने डोळे मोठे केले. बटण आईच्या मागे सरकली. मालक हसले, "पोरं काय, काहीही बोलतात." तुम्हीही हसलात. साहेब, त्या खोलीत एकच माणूस खरं बोलत होतं आणि त्याच्याकडे बघून तुम्ही हसलात.

मग रफूताईला आठवलं की आपण तक्रार केली आहे. ती म्हणाली, "साहेब, पाऊस असला की या खिडकीतून पाणी येतं. भिंत भिजते."

"आत्ता येतंय का?"

"आत्ता पाऊस कुठाय?"

"मग?" असं म्हणून तुम्ही लिहायला लागलात. तिने दिलेलं पाणी प्यालात, पेला ठेवायला माझ्या कट्ट्यावर जागा केलीत. पेल्याच्या बुडाखाली ओला सरस होता. तुम्ही पेला ठेवलात आणि निघालात.

संध्याकाळी आत्या धावत आली. भिंत बघितली आणि मटकन खाली बसली. "वहिनी, हे काय केलंस? डॉक्टरकडे जाताना कोणी ताप उतरवून जातं का गं?"

रफूताईने कट्ट्यावरचा पेला उचलला. बाबांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, "अगं, लोक काय म्हणतील म्हणून..."

"लोक काय म्हणतील? लोकांनी लिहून दिलंय ना आता! 'ओल आढळली नाही.' घ्या, फ्रेम करून लावा भिंतीवर. त्या डागावरच लावा, तेवढंच झाकलं जाईल."

मग तिलाच रडू फुटलं आणि रफूताई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. धीर कोणी कोणाला द्यायचा, काही मेळच उरला नव्हता.

पुढच्या पावसात माझ्या पट्टीतला भुसा भिजून लापशीसारखा खाली आला. चहाच्या रंगावर काळे ठिपके परत आले, आधीपेक्षा दुप्पट. आत्या कचेरीत गेली. त्यांनी सांगितलं, तपासणी झाली आहे, प्रकरण बंद झालं आहे. मालकांना फोन केला तर त्यांचा आवाज मधासारखा, "ताई, सरकारनेच लिहून दिलंय, आता मी काय बोलणार? तरी तुम्ही म्हणताय तर माणूस पाठवतो."

आणि यावेळी माणूस खरंच आला.

त्याच्याबरोबर एक पत्रा होता. तो बाहेरून शिडी लावून चढला आणि तो पत्रा माझ्या तोंडावर ठोकून निघून गेला. खिळे माझ्या चौकटीत आरपार गेले. आतून बटणच्या बाबांनी ओरडून विचारलं, "अहो, हे काय करताय?" तर तो म्हणाला, "पाणी बंद करायला सांगितलंय. बंद केलं."

पाणी थांबलं, आणि उजेडही. धाकट्या मालकांच्या हिशेबी दुरुस्ती झाली.

दिवसा दिवा लावून बसणारी रफूताई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. बघितली म्हणजे काय, पत्र्याच्या फटीतून जेवढी दिसेल तेवढी. बाबा म्हणाले, "उपटून टाकतो पत्रा." मालक म्हणाले, "माझ्या घराला हात लावलात तर नुकसान केलं म्हणून मला तक्रार करावी लागेल, भाऊ. मला ते आवडणार नाही." आत्या म्हणाली, उजेड-वारा अडवणं हीसुद्धा तक्रार होते, परत लिहू या. त्यांनी परत लिहून दिलं. उत्तराची वाट बघण्यात दिवस गेले.

त्या दिवसांत एक गृहस्थ काळा कोट घेऊन आले. खांद्यापाशी कसर लागली होती. आतल्या शिलाईतले धागे पुरले नाहीत, म्हणून रफूताईने डब्यातला काळा म्हणून धागा घेतला आणि दिव्याखाली काम केलं, नेहमीसारखंच, मान मोडेपर्यंत. ते घ्यायला आले, कोट घेऊन जिन्यात गेले आणि परत वर आले.

"ताई," ते जरा अवघडून म्हणाले, "बाहेर उजेडात बघितलं तर... इथे दिसतंय हो."

तिने कोट हातात घेतला, जिन्यात जाऊन बघितला. काळ्या कोटावर निळा धागा. दिव्याखाली तिला दोन्ही एकच दिसले होते. तिने पैसे घेतले नाहीत. गृहस्थ भले होते, "असू द्या हो, चालायचंच," म्हणाले. पण ही बातमी कपड्याच्या वासासारखी असते, मित्रांनो. कोणी मुद्दाम सांगत नाही आणि सगळ्यांना लागते. गिऱ्हाइकं कमी झाली.

एक दिवस बाबा भट्टीवरून आले, हात धुतले आणि म्हणाले, "इथे राहायचं की इथे भांडत राहायचं, एकदा ठरव." तिने ठरवलं नाही. नुसती मान हलवली. पुढच्या महिन्यात ते गेले. लांबच्या वस्तीत एका खोलीत. तिथल्या खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत आहे, असं बाबा सामान बांधताना म्हणाले. रफूताई आता एका तयार कपड्यांच्या दुकानात बटणं लावायला जाते, असं शेजारीण जिन्यात कोणाला तरी सांगत होती. बटणं लावायला डोळे लागतात, पण काळा-निळा ओळखणारे ते डोळे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त मला काय झोंबलं ते आता ऐका. ते गेले आणि आठवडाभरात धाकटे मालक सुताराला घेऊन आले. होय, खरा सुतार. म्हणाले, "आजच्या आज झालं पाहिजे. नवीन भाडेकरू बघायला येणार आहेत, चांगली पार्टी आहे." सकाळी मला उपटलं, दुपारी माझ्या जागी चकचकीत सरकती खिडकी बसली, संध्याकाळी भिंतीला रंग लागला. जे काम इतके पावसाळे होत नव्हतं, ते सूर्य मावळायच्या आत झालं. मला जिन्याखाली टेकवून ठेवलं, भंगारवाला येईपर्यंत.

तिथे मला त्या दोघी भेटल्या. रफूताई आणि बटण. एका गिऱ्हाइकाची शाल शेजारणीकडे राहिली होती, ती न्यायला आल्या होत्या. बटणने मला लगेच ओळखलं. "आई, आपली खिडकी!" तिने माझ्या फुटक्या काचेवर सवयीने वाफ सोडली, पण लिहिलं काहीच नाही. मग तिने वर बघितलं. वर नवी खिडकी चमकत होती.

रफूताई माझ्या कुजलेल्या पट्टीवरून हात फिरवत होती. बोटांना भुसा लागला तसा तिने तो पदराला पुसला. तेव्हा बटणने विचारलं, "आई, आपण घर घाण ठेवलं असतं, तर ही खिडकी आपल्याला मिळाली असती का?"

रफूताईने तिच्याकडे बघितलं. पदरावरचा भुसा झटकला. मग तिचा हात धरला आणि शाल घेऊन निघून गेली.

मित्रांनो, मला उपदेश करायची हौस नाही. पण तुमच्या घरात कुठे गळत असेल तर ते झाकू नका. पुसून, रंगवून, कपाट लावून लपवू नका. घर गळतं ते घराचं दुखणं असतं, तुमची लाज नसते. मोठ्या माणसांना लाज वाटत असेल, तर तुम्ही बोट दाखवा आणि डोळे मोठे केले तरी दाखवत राहा. लिहून द्या, फोटो काढा, नोंद करा. पुढे कधी तुम्ही घराचे मालक झालात, तर वर्षातून एकदा तेलाची बाटली घेऊन जा आणि लाकडावर टकटक करून ऐका. आम्हाला फार काही लागत नाही. वेळेवर बघणारं कोणीतरी लागतं.

आता तुम्ही, साहेब. रफूताई चुकली, मला मान्य आहे. पण लपलेलं शोधायला तुम्हाला नेमलं होतं. जे उघड दिसतं ते तर वाटेवरचा कुणीही सांगेल, त्याला साहेब कशाला हवा? ती चुकली तर तिचं घर गेलं, काम गेलं. तुम्ही चुकलात तर तुमचं काय गेलं? तुम्ही पुढच्या घरी गेलात.

मला तुमची माफी नको. नवी चौकट नको, तेल नको. मी आज ना उद्या जळून जाईन. पण ती मुलगी मोठी होणार आहे. आईने घर स्वच्छ ठेवलं म्हणून आपलं घर गेलं, असं समजून ती मोठी होणार आहे. तिच्या आईला उत्तर देता आलं नाही. वस्तीचा पत्ता तुमच्या कचेरीत आहे, घर सोडताना आत्याने तो दुसऱ्या तक्रारीवर लिहून दिला आहे. जिना चढा, दार वाजवा आणि त्या मुलीच्या डोळ्याला डोळा देऊन सांगा, साहेब. घर घाण ठेवलं असतं, तर तिला खिडकी मिळाली असती का? हो की नाही?